उकार कापणारी चौकट



भाषेच्या व्यासपीठावर पडद्याच्या मापांचे काय काम, असे काहींना वाटेल. मी ध्वनिचित्रमुद्रणाच्या नियंत्रण कक्षात काम करतो. तिथे एकाच मोठ्या पडद्यावर चार, नऊ किंवा सोळा खिडक्या असतात आणि प्रत्येकीत वेगळ्या कॅमेऱ्याचे वा जुन्या फितीचे चित्र दिसते. या व्यवस्थेला मल्टिव्ह्यूअर म्हणतात. त्या खिडकीत चित्र कसे बसवले, यावर भाषेचे बरेच काही अवलंबून असते.

पडद्याची रुंदी आणि उंची यांच्या प्रमाणाला आस्पेक्ट रेशो म्हणतात. त्याचा ‘पैलू गुणोत्तर’ असा अनुवाद वाचून कोणालाच बोध होत नाही. मी ‘चौकट-प्रमाण’ म्हणतो. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा हे प्रमाण ४:३ होते. आजचे पडदे १६:९ आहेत. जुने चित्र नव्या खिडकीत बसवण्याच्या वाटा तीन.

पहिली, चित्र आहे तसे ठेवून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडणे. १९२० बिंदू रुंदीच्या पडद्यावर चित्राला १४४० बिंदू मिळतात, उरलेले २४०-२४० पट्ट्यांत जातात. दुसरी, चित्र आडवे ताणणे. वरून टिपलेले तारपा नाचाचे रिंगण मग लंबगोल होते आणि नाचणारी माणसे बुटकी दिसतात. तिसरी, खिडकी भरेपर्यंत चित्र मोठे करून वरचा-खालचा भाग कातरणे. यात उंचीचा चौथा हिस्सा जातो : साडेबारा टक्के वरून, साडेबारा खालून. समोरून टिपलेल्या नाचात पुढच्या नर्तकांची पावले जातात.

याच कातरण्यात भाषाही जाते. जुन्या मुद्रणात मजकूर चित्राच्या कडेपासून दहा टक्के आत ठेवण्याचा प्रघात होता. कातर साडेबारा टक्क्यांवर चालते. म्हणजे मजकुराचा अगदी खालचा अडीच टक्के भाग, ५७६ ओळींच्या चित्रात सुमारे १४ ओळी, कापला जातो. नेमका तिथेच आपला उकार असतो! रोमन लिपीत एवढे गेले तरी शब्द बहुधा ओळखता येतो. देवनागरीत ‘सून’ची ‘सन’ होते, ‘दूर’चे ‘दर’ आणि ‘कुळ’ची ‘कळ’. अक्षर फाटलेले दिसत नाही, दुसराच शब्द धडधाकट उभा राहतो. म्हणून चूक लक्षात येत नाही.

आपल्या या भागात वारली, कोकणा, धोडिया बोलणारी वडीलधारी माणसे आहेत. त्यांचे बोलणे मुद्रित करून खाली मराठी अर्थ दिला, तर पुढच्या पिढीला मूळ शब्दाचा अर्थ त्या ओळीवरूनच कळणार. तिथे उकार गेला, तर चुकीचा अर्थ पुरावा म्हणून उरेल.

मल्टिव्ह्यूअरच्या खिडकीतले कातरणे फक्त दिसण्यापुरते असते. मूळ मुद्रण शाबूत राहते. पण त्यामुळेच तपासणारा फसतो. त्याला कडेचे काही दिसत नाही आणि तो सारे ठीक असल्याचा शेरा देतो. खरे नुकसान होते ते कातरलेली प्रत काढून मूळ पुसले की. म्हणून तपासणीच्या खिडकीत संपूर्ण चित्रच दिसावे. कातरायचे असेल तर प्रतीत. मूळ फाईल जपावी. जुन्या फितीच्या फाईलचे माप ७२०×५७६ लिहिलेले असते. आकड्यांनी ते ५:४ होते, पण दाखवायचे ४:३ मध्ये. नाहीतर चेहरे किंचित अरुंद दिसतात. मोबाईलवर उभे टिपलेले चित्र आडव्या खिडकीत एक तृतीयांशापेक्षाही कमी रुंदी व्यापते. तेही तसेच राहू द्यावे.

सोपी चाचणी सांगतो. कागदावर एक वर्तुळ काढा, तळाशी ‘सून, दूर, कुळ’ लिहा आणि तो कागद चौकटभर मुद्रित करा. खिडकीत वर्तुळ गोल दिसले आणि तिन्ही उकार वाचता आले, तर मांडणी बरोबर आहे.

काळी पट्टी दिसली की पडदा वाया गेला, असे पाहणाऱ्यांना वाटते आणि तंत्रज्ञावर ‘पडदा भरा’ असा दबाव येतो. छापील पानाला आपण समास सोडतो. ती जागा वाया गेली, असे कोणी म्हणत नाही. अकादमीने मुद्रणाला अनुदान देताना मूळ चौकट जपण्याची एक अट घालावी, एवढी माझी विनंती आहे.