हिंमत आणि तवक्कुल
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)





अशा समारंभात वक्ता उभा राहिला की तो विद्यार्थ्यांना हमखास सांगतो, "मोठी स्वप्ने पाहा." टाळ्या होतात, बक्षिसे वाटली जातात आणि आपण घरी जातो. खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. मुलगा म्हणतो, "अब्बा, मला भूगर्भशास्त्र शिकायचे आहे." मुलगी म्हणते, "मला वकील व्हायचे आहे." आणि घरातून प्रश्न येतो, "त्यात पोटाला काय मिळणार? आपल्यात असे कोणी केले आहे का?"

हा प्रश्न चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. ज्या बापाने उमेदीची वर्षे बोटीवर किंवा आखातात काढली आणि पै पै साठवून मुलांच्या फिया भरल्या, त्याला असे विचारण्याचा हक्क आहे. माझे म्हणणे एवढेच की या प्रश्नाने बोलणे संपू नये. तिथून ते सुरू व्हावे.

याच संदर्भात एका माणसाची हकीगत तुमच्यासमोर ठेवतो. डॉ. सालिम अली यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. तीन वर्षांचे होईपर्यंत आई-वडील दोघेही गेले. खेतवाडीत राहणारे मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलाला वाढवले. लहानपणी त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. ही खाणे योग्य की अयोग्य, असा प्रश्न पडून तो ती मामूंकडे घेऊन गेला.

पालकांनो, इथे क्षणभर थांबा. मामूंना उत्तर ठाऊक नव्हते. "नसत्या चौकशा करू नकोस, अभ्यासाला बस," असे ते सहज म्हणू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन त्यांनी मुलाला तिकडे पाठवले. मिलार्डसाहेबांनी ती चिमणी ओळखली आणि कपाटे उघडून पेंढा भरून जतन केलेले पक्षी त्या मुलाला दाखवले. एका चिठ्ठीने एका आयुष्याला दिशा मिळाली. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येत नसेल, तर ज्याला येते त्याच्या दारापर्यंत मुलाला पोचवणे, एवढे तर प्रत्येक पालकाला करता येईल.

पुढची वाट मात्र सरळ नव्हती. सालिम अली शाळेत हुशार म्हणून गाजले नाहीत. 1913 साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. कॉलेज अर्धवट सोडून घरच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात गेले. धंदा चालला नाही. पक्षितज्ज्ञाच्या एका सरकारी जागेसाठी त्यांनी अर्ज केला, पण विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे ती मिळाली नाही. 1926 साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी लागली. तिथून रजा काढून ते बर्लिनला प्राध्यापक स्ट्रेसमान यांच्याकडे शास्त्रशुद्ध शिक्षण घ्यायला गेले. 1930 साली परत येऊन पाहतात, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

विद्यार्थी मित्रांनो, आता विचार करा. वय तेहतिशीचे, लग्न झालेले, हाती नोकरी नाही. अशा वेळी तुम्ही काय केले असते? सालिम अली पत्नी तहमीना बेगम यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गावी येऊन राहिले. तिथे जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. त्यांनी शिडी लावली आणि रोज बसून निरीक्षण सुरू केले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर पुढचे काम पुरे होते, आणि नापसंत झाले तर नर दुसरे विणायला घेतो, हे सारे त्यांनी बारकाईने टिपून ठेवले. त्या अभ्यासाने शास्त्रज्ञांच्या जगात त्यांचे नाव झाले. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या ताडामाडावर लोंबणारी ती घरटी आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांनी ती नीट पाहिली, हाच काय तो फरक!

1941 साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक निघाले. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेल्या दहा खंडांच्या ग्रंथाचा शेवटचा खंड 1974 साली आला, तेव्हा त्यांचे वय सत्याहत्तरच्या पुढे होते. 1976 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि 1985 साली राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. पदवी नाही म्हणून ज्याला जागा नाकारली, त्याचीच पुस्तके पुढे पदवीधर अभ्यासू लागले.

आता मुलींसाठी आणि विशेषतः त्यांच्या वडिलांसाठी एक उदाहरण देतो. केरळातील पतनमतिट्टा येथे 1927 साली एम. फातिमा बीवी यांचा जन्म झाला. विज्ञानाची पदवी घेतल्यावर त्यांना कायद्याकडे वळण्याची प्रेरणा वडिलांनी दिली. म्हणजे मुलीचे स्वप्न आधी बापाच्या डोळ्यांत उभे राहिले. 1950 साली त्यांनी वकिलीची सनद घेतली. 1958 साली त्या मुन्सफ झाल्या, 1983 साली केरळ उच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या आणि 1989 साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. सनद आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यामध्ये एकोणचाळीस वर्षे आहेत, हे विसरू नका. बारावीनंतर ज्या मुलीचे पुस्तक आपण मिटवतो, तिची एकोणचाळीस वर्षे आपण एका दुपारी संपवून टाकतो.

कोणी म्हणेल, "हे सारे नशिबाचे खेळ. अल्लाहच्या मनात असेल तर होईल." होय, होणे न होणे त्याच्याच हाती आहे. पण तवक्कुलचा अर्थ हात बांधून बसणे असा नाही. ती उंटाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू का, असे एकाने विचारले, तेव्हा हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी त्याला आधी उंट बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले. अभ्यास, मेहनत, चौकशी, वेळेवर भरलेला अर्ज हा आपला दोर आहे. तो बांधणे आपले काम. ज्या दीनमधील पहिल्या वह्यीचा पहिला आदेशच वाचण्याचा आहे, त्या दीनच्या मुलांनी अज्ञानाला नशीब म्हणू नये.

आणि श्रद्धेचा खरा उपयोग अपयशाच्या वेळी होतो. दुआ केली म्हणजे पेपर सोपा येतो असे नाही. मात्र निकाल मनासारखा लागला नाही, तरी माणूस कोसळत नाही. एक दार बंद झाले म्हणजे आपली सर्व मेहनत वाया गेली असे तो मानत नाही. किहीमला शिडी लावून बसण्याचे बळ हेच आहे.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, नुसते "मला अमुक व्हायचे आहे" असे सांगू नका. त्यासाठी कोणती परीक्षा लागते, किती वर्षे लागतात, खर्च किती, शिष्यवृत्ती कुठे मिळते आणि ते जमले नाही तर दुसरी वाट कोणती, हे एका कागदावर लिहून वडिलांपुढे ठेवा. बापाच्या काळजीला रुसवा हे उत्तर नव्हे, तयारी हे उत्तर आहे.

पालकांनो, तो कागद फेकू नका. वाचा, चार प्रश्न विचारा, जाणकाराकडे चला. लग्नाच्या मांडवासाठी आपण कर्ज काढतो. मग मुलीच्या फीसाठी हात आखडता का घ्यावा? आणि ज्यांना अल्लाहने दिले आहे, त्यांनी शेजारच्या एका होतकरू मुलाची फी आपल्या खर्चात धरावी. गावात पहिला शिकलेला एक निघाला की दुसऱ्याला "आपल्यात असे कोणी केले आहे का?" हा प्रश्न ऐकावा लागत नाही.

अल्लाह आमच्या मुलामुलींना उपयोगी इल्म देवो, मेहनतीची ताकद देवो, आणि आम्हा वडीलधाऱ्यांना त्यांच्या वाटेतून बाजूला होण्याची नव्हे, तर त्यांच्याबरोबर चालण्याची बुद्धी देवो. आमीन.

खुदा हाफिज.