पायाखालचं शहर



मी फुलंब्रीचा. पुण्या-मुंबईकडे गेलो आणि गावाचं नाव सांगितलं की जुन्या रसिकांना मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर आठवतात. मग ते माझ्याकडे पाहतात आणि विचारतात, ‘तुम्हीही गाता का?’ मी म्हणतो, ‘नाही, मी नुसता कविता करतो, आणि त्याही मराठीत.’ त्यावर बहुतेक जण म्हणतात, ‘अरे वा, मराठी फार छान बोलता की तुम्ही!’ मी हसून सोडून देतो. पण आज मला कवितेविषयी नव्हे, चालण्याविषयी बोलायचं आहे.

आमच्या लहानपणी फुलंब्रीत शहराचं नाव कुणी घेतच नसे. ‘शहरात जायचंय’ एवढंच म्हणत. तीसेक किलोमीटरवर एकच शहर होतं, मग नाव कशाला? त्या शहरानंही नावं पुष्कळ पाहिली. आधी ते खडकी नावाचं खेडं. 1610 मध्ये मलिक अंबरनं तिथं राजधानी वसवली. 1626 मध्ये त्याच्या मुलानं, फतेहखानानं, त्याचं फतेहनगर केलं. 1653 मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झालं आणि 2023 पासून कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर आहे. नावांचे वाद आपण खूप घातले. मी आज तुम्हाला त्या वादात नेत नाही. पायाखाली जे शहर आहे, तिकडे नेतो.

माझे वडील पिंजारी. दसऱ्यापासून पुढं थंडीभर खांद्यावर धुनकी घेऊन ते शहरात गल्लोगल्ली फिरायचे. गाद्या, रजया, उशांचा कापूस पिंजून द्यायचे. आठ-नऊ वर्षांचा असताना मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो. एस.टी. चौक्याचा घाट उतरली, हर्सूल मागं पडलं आणि समोर दिल्ली गेट आलं. एवढा मोठा दरवाजा मी कधी पाहिलाच नव्हता. मी अब्बांना विचारलं, ‘हा रात्री बंद करतात का?’ ते म्हणाले, ‘आता नाही करत.’ त्यांच्या या ‘आता नाही’चा अर्थ कळायला मला पुढं चाळीस वर्षं लागली.

तीन वर्षांपूर्वी छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, ‘रोज पाऊण तास चाला, नाहीतर पुन्हा माझ्याकडेच यावं लागेल.’ मुलगी शहरात राहते, हर्सूलच्या बाजूला. काही महिने तिच्याकडे मुक्काम पडला. ती पहाटे पळायला जाते. डोक्याला रुमाल, पायात बूट, हातात घड्याळ. दहा किलोमीटरच्या शर्यतीची तयारी चालली होती. बाप म्हणून मला आधी ते जड गेलं, हे कबूल करतो. अंधारात मुलगी एकटी पळते, लोक काय म्हणतील? पण ती काही माझी परवानगी मागत नव्हती. मी सोसायटीच्या आवारात गोल गोल चालायचो, ते बघून एक दिवस म्हणाली, ‘अब्बा, घाण्याच्या बैलासारखं काय फिरता? चला माझ्याबरोबर दिल्ली गेटपर्यंत. तिथून मी पळते, तुम्ही चाला.’

असं आमचं सुरू झालं. ती हिमायत बागेच्या कडेनं विद्यापीठाकडे, लेण्यांच्या चढापर्यंत पळत जायची. त्या वाटेवर बुंदेला सरदारानं बांधलेला सोनेरी महाल आहे, माथ्यावर डोंगर आहे, हवा स्वच्छ आहे. पळणाऱ्यांसाठी ती वाट चांगली. माझी वाट वेगळी होती. ती चालणाऱ्याची.

दिल्ली गेटपासून निघायचं. एका बाजूला सलीम अली सरोवर आणि हिमायत बाग, पहाटे पक्ष्यांचा नुसता गलका. तिथून रंगीन गेट, किले अर्कचा परिसर, टाऊन हॉल आणि मग भडकल गेट. हा भडकल गेट मलिक अंबरनं 1612 मध्ये मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधला. हा मलिक अंबर कोण? आफ्रिकेतल्या हबशी मुलखातला, गुलाम म्हणून बाजारात अनेकदा विकला गेलेला पोरगा. तो निजामशाहीचा कर्ता वजीर झाला आणि त्यानं शहर वसवलं. आज त्याच दरवाज्याशेजारी बाबासाहेबांचा पुतळा आहे. 14 एप्रिलला तिथं पाय ठेवायला जागा नसते. माणूस म्हणून ज्यांना मोजलंच गेलं नाही, अशांमधून वर आलेल्या दोघांची आठवण एका चौकात शेजारी-शेजारी उभी आहे. कुणी मुद्दाम जुळवून आणलेलं नसेल, पण मी तिथं रोज अर्धा मिनिट थांबतो.

पुढं पाणचक्की. सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की 1744 ची. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून इथवर आणलं, उंचावरून चाकावर सोडलं आणि त्या जोरावर दळण दळलं. कुणासाठी? दर्ग्यात उतरणाऱ्या प्रवाशांसाठी, फकिरांसाठी, शिकायला आलेल्या मुलांसाठी. त्याआधी शंभरेक वर्षं मलिक अंबरनं नहर-ए-अंबरीनं सगळ्या शहराला पाणी दिलं होतं. जमिनीखालून नळ, ठिकठिकाणी वर आलेले मनोरे, आणि ना इंजिन ना मोटार. नुसता उतार आणि पाण्याचा दाब. आज आठ-आठ दिवस नळाची वाट पाहिलेल्या शहरात हे ऐकताना हसावं की रडावं कळत नाही.

पाणचक्कीपासून महमूद गेट, खाम नदीच्या काठानं बेगमपुऱ्याकडे, मकबऱ्याचा घुमट दिसला की वळायचं आणि मकई गेटवरून परत. खाम नदीचा आपण नाला करून टाकला होता. 2021 च्या सुमारास तिच्या सफाईचं काम जोरात सुरू झालं. लोखंडी पुलाजवळ काठावर आता माणसं चालायला येतात. नदी पूर्ण बरी झालीय असं नाही, पण उपचार सुरू आहेत. माझ्यासारखंच.

ही झाली बाहेरची वाट. आतली वाट पैठण गेटची. तिथून गुलमंडी, सुपारी हनुमान, मछली खडक, सिटी चौक, सराफा, शहागंजचा घड्याळाचा मनोरा आणि राजाबाजारातला संस्थान गणपती. दिवसा या रस्त्यानं चालणं म्हणजे शिक्षा. हत्ती जाईल अशा बेतानं बांधलेल्या कमानीत चार रिक्षा अडकून पडतात आणि पादचाऱ्याला फूटपाथ म्हणून काही नसतंच. पण पहाटे साडेपाचला जा. अजान संपते, काकड आरतीची घंटा वाजते. दुधाच्या गाड्या, भाजीची पोती, पहिल्या चहाचा वास. तासाभरात इमरतीची कढई तापेल, नानचे तंदूर पेटतील. हळद लावलेले आमच्याकडचे पिवळे नान आणि खलिया ज्यानं खाल्ला नाही, त्यानं शहर पाहिलं असं मी मानत नाही. डॉक्टरांना मात्र हे सांगू नका.

या आतल्या वाटेवर मी एकटा जात नव्हतो. माझ्या गावचे एक निवृत्त शिक्षक, मी त्यांना सर म्हणतो, ते मला कविराज म्हणतात. त्यांचंही साखरेचं दुखणं. तेही शहरात मुलाकडे होते. आम्ही दोघं चालायला लागलो आणि चार-सहा दिवसांत माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. सिटी चौकात आलं की सर आपोआप एका बाजूला वळायचे आणि मी दुसऱ्या बाजूला. एकदा मी विचारलं, ‘सर, इकडून का नाही?’ ते जरा थांबले. म्हणाले, ‘कविराज, खरं सांगू? चाळीस वर्षं या शहरात येतो, त्या गल्लीत कधी गेलोच नाही.’ मी म्हणालो, ‘तुमच्या बाजूच्या गल्लीत मीही नाही गेलो.’

आम्हाला कुणी अडवलं नव्हतं. कुठं पाटी नव्हती. पण दंगलींच्या बातम्या, संचारबंदीच्या आठवणी, घरच्यांचं ‘तिकडून नको जाऊ’ यातून प्रत्येकाच्या डोक्यात एक नकाशा तयार झालेला असतो. तटबंदीचे दरवाजे उघडे आहेत आणि डोक्यातले रात्रंदिवस बंद. अब्बा म्हणाले होते, ‘आता नाही करत.’ ते त्यांच्यापुरतं खरं होतं. धुनकी खांद्यावर घेऊन ते सगळ्या गल्ल्यांत जात. राजाबाजारातल्या वाड्यात, शहागंजच्या माडीवर, औरंगपुऱ्यातल्या ब्राह्मणाच्या घरी. कापसाला धर्म नव्हता. मी बी.ए. झालो, स्कूटर घेतली, आणि अब्बांना माहीत होत्या त्याच्या निम्म्याही गल्ल्या मला माहीत नाहीत.

मग आम्ही ठरवलं. एक दिवस सरांच्या गल्लीतून, एक दिवस माझ्या. नियम एकच, वळायचं नाही.

2023 च्या मार्चअखेरीस, रामनवमीच्या आदल्या रात्री, किराडपुऱ्यात दंगल झाली. पोलिसांच्या गाड्या जळाल्या. मुलीनं पळणं थांबवलं, मी चालणं. चार दिवस घरात बसलो. छातीत दुखत नव्हतं, पण बरंही वाटत नव्हतं. पाचव्या दिवशी सरांचा फोन आला, ‘कविराज, साखर वाढलीय. उद्या येता का?’ मी विचारलं, ‘उद्या कुणाची पाळी?’ ते म्हणाले, ‘तुमच्या गल्लीची. ठरलंय ते ठरलंय.’ त्या दिवशी आम्ही फारसं बोललो नाही. एका हॉटेलवाल्यानं शटर अर्धं वर केलं होतं. आम्हाला पाहून त्यानं ते पूर्ण वर केलं आणि न विचारता दोन चहा पुढं ठेवले. त्यातला एक बिनसाखरेचा. त्याच्या लक्षात होतं.

एवढ्यानं शहर सुधारलं, असा माझा दावा नाही. दोन म्हातारे चालून दंगली थांबत नाहीत. पण माझ्या डोक्यातला एक दरवाजा उघडला, हे मी शपथेवर सांगू शकतो.

त्यानंतर सरांच्या बाजूच्या एका जुन्या वाड्यापाशी आम्ही पाणी प्यायला थांबलो. ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. विचारलं, ‘कुठले?’ मी म्हणालो, ‘फुलंब्रीचा. वडील इकडे रजया पिंजायला यायचे.’ मला वाटलं, त्यांना आठवेल. आजींनी बराच वेळ विचार केला आणि मान हलवली. ‘पुष्कळ यायचे रे बाबा. तुझा कोणता, कसं सांगू?’ मग म्हणाल्या, ‘रजई मात्र आहे अजून. दर थंडीला काढते.’ मला तेवढं पुरलं.

मित्रहो, या शहराच्या पुऱ्यांची नावं चालता चालता ऐका. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही मलिक अंबरच्या पदरी असलेल्या मराठा सरदारांच्या नावांची. जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा ही राजपुतांची. बेगमपुरा आहे, औरंगपुराही आहे. ज्या करणपुऱ्याच्या देवीला नवरात्रात सगळं शहर लोटतं, तो बिकानेरच्या राजा करणसिंहाच्या नावाचा. इथंच वली दखनीचं बालपण गेलं, इथंच सिराज औरंगाबादी लिहीत राहिला. यातली एक वीट काढायची म्हटली, तर भिंत कुठून कुठवर ढासळेल सांगता येणार नाही.

अलीकडच्या वर्षांत स्मार्ट सिटी योजनेतून काही दरवाज्यांची आणि शहागंजच्या मनोऱ्याची डागडुजी झाली. चांगलं झालं. पण जुनं शहर चुन्यानं टिकत नाही, वापरानं टिकतं. ज्या गल्लीतून माणसं चालतात तिथं कचरा टाकायला हात धजत नाही, पडका चिरा कुणाच्या तरी नजरेत भरतो, आणि पहाटे पळणाऱ्या मुलीला भीती कमी वाटते. म्हणून बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणून नुसती मिरवणूक काढू नका. एका रविवारी पहाटे उठा, एका दरवाज्यातून आत या आणि दुसऱ्यातून बाहेर पडा. शक्य झालं तर अशा गल्लीतून, जिथं तुम्ही कधी गेला नाहीत. बरोबर अशा माणसाला घ्या, जो त्या गल्लीतला आहे.

माझी मुलगी ती दहा किलोमीटरची शर्यत पळाली. कितवी आली, हे मी विचारलं नाही. शेवटच्या वळणावर मी आणि सर उभे होतो. तिनं हात हलवला आणि ओरडली, ‘अब्बा, थांबू नका, चालत राहा!’

आम्ही चालतोच आहोत. तुम्हीही या.

खुदा हाफिज, नमस्कार.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)