जुन्या संगणकाचे करावयाचे काय?



आमच्या शाळेच्या जिन्याखाली एक अंधारी खोली आहे. मोडके बाक, स्नेहसंमेलनाचे विटलेले पडदे, नकाशांच्या गुंडाळ्या अशा पेन्शनीत निघालेल्या वस्तूंचे ते आश्रयस्थान. सन २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास तेथे सहा संगणक येऊन पडले. ते निरुपयोगी झाले असल्याने वजनावर विकून टाकावेत, असा ठराव झाला होता. भंगारवाला येऊन पाहूनही गेला, आणि त्याने सांगितलेल्या रकमेत एका वर्गाच्या वह्यासुद्धा आल्या नसत्या.

संगणक निरुपयोगी झाले म्हणजे नेमके काय झाले, हे मी आमच्या मुख्याध्यापकांना विचारले. ते म्हणाले, "बाई, त्यांची मुदत संपली." मुदत संपली होती हे खरे, पण ती यंत्रांची नव्हे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरविण्याचे काम १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. घरगुती वापरासाठी पुढे वर्षभराची वाढीव सोय तिने देऊ केली, परंतु विंडोज ११ बसवावयाची तर नव्या पिढीचा प्रोसेसर आणि सुरक्षेची एक विशिष्ट चिप लागते. आमची पाच यंत्रे २०१२ सालची, आणि सहावे तर कोणीतरी देणगी दिलेले, त्याहूनही जुने. म्हणजे कापड मजबूत आहे, पण शिंपी आता या मापाचे सदरे शिवत नाही, एवढीच ती अडचण होती.

"तुम्हांला हौस असेल तर नाताळपर्यंत ठेवा," मुख्याध्यापक म्हणाले, "पुढे मात्र खोली मोकळी हवी."

मी काही तंत्रज्ञ नव्हे. आठवी ते दहावीला विज्ञान शिकविते, इतकाच माझा अधिकार. तथापि स्क्रू काढता येतात आणि वाचता येते, या भांडवलावर मी आरंभ केला. पहिले दोन शनिवार नुसती धूळ काढण्यात गेले. पंख्याच्या पात्यांवर धुळीची जणू गोधडी विणली गेली होती, आणि हवा मिळाली नाही म्हणजे प्रोसेसर तापतो व स्वतःच्या रक्षणासाठी आपली गती कमी करतो. "संगणक म्हातारा झाला" असे आपण म्हणतो, त्यांतील काही म्हातारपण ब्रशाने झटकता येते. एका यंत्राचे घड्याळ रोज सकाळी कित्येक वर्षे मागे जाई, त्याला नाण्याएवढी एक बॅटरी नवी घातली.

पाचांपैकी दोन यंत्रे सुरूच होईनात. एकाच्या मुख्य पट्टीवर विजेच्या चढउताराने काळा डाग पडलेला, दुसऱ्याचे कपॅसिटर फुगून वर आलेले. ती दोन गेली असे धरले. पण गेलेल्यांनीही दान केले. प्रत्येक यंत्रात दोन गिगाबाइट रॅमची एकेक पट्टी होती. मेलेल्या दोहोंच्या पट्ट्या जिवंत दोहोंत बसविल्या, आणि त्यांची रॅम चार गिगाबाइट झाली. तिसरे बिचारे दोनवरच राहिले.

आता खरे दुखणे कोठे असते ते सांगते. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटास साधारणतः ७२०० फेरे घेणारी तबकडी असते, आणि ग्रामोफोनच्या सुईसारखा एक हात तिच्यावरून पुढेमागे सरकत माहिती शोधतो. प्रत्येक शोधाला सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग लागतो. ते फार थोडे वाटते. परंतु प्रणाली सुरू होताना असे हजारो शोध घ्यावे लागतात, आणि मग आपण चहा करून आलो तरी पडद्यावर चक्र फिरतच असते. एसएसडी नावाच्या नव्या साठवणीत हलणारा भागच नाही, म्हणून ती वाट पाहावयास लावीत नाही. बेळगावहून अशा दोन लहान एसएसडी आणून चार गिगाबाइटच्या यंत्रांना बसविल्या. पूर्वी पाचपाच मिनिटे घेणारे यंत्र मिनिटाच्या आत उभे राहू लागले, तेव्हा पाहावयास आलेल्या मुलांनी टाळ्या वाजविल्या. जुन्या संगणकावर एकच खर्च करावयाचा असेल तर हाच करावा, असे माझे मत झाले आहे.

विंडोजच्या जागी आम्ही लिनक्स घातले. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली हौसेने आरंभिलेले हे काम आज जगातील असंख्य लोक मिळून चालवितात, आणि त्याच्यावर उभारलेल्या कित्येक प्रणाली विनामूल्य मिळतात. केरळातील सरकारी शाळा कित्येक वर्षे त्याच जातीच्या प्रणालीवर शिकवीत आल्या आहेत. चार गिगाबाइटच्या यंत्रांना मिंट ही प्रणाली मानवली, दोन गिगाबाइटच्या यंत्राला अँटिएक्स ही त्याहून हलकी. हे सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. आमच्या छपाईयंत्राशी लिनक्सचे आजतागायत जमलेले नाही, आणि सरकारी पत्रके विशिष्ट रूपातच भरावी लागतात तेव्हा कार्यालयातील नव्या संगणकापुढे मला रांग लावावी लागते.

असो. यंत्रे उभी राहिली, त्यांना काम कोणते द्यावयाचे?

आमची शाळा खानापूर तालुक्यात आहे. जून ते सप्टेंबर येथे पाऊस असा कोसळतो की वीज आणि मोबाइलची रेंज या दोहोंपैकी एक तरी गैरहजर असते. इंटरनेटवर भरवसा ठेवून शिकविणे म्हणजे आभाळावर भरवसा ठेवण्यासारखेच. म्हणून पहिल्या यंत्राचे आम्ही ग्रंथालय केले. किविक्स नावाची एक विनामूल्य सोय २००७ पासून चालत आली आहे. तिच्यामुळे अख्खा विकिपीडिया एका फाइलीत उतरवून घेता येतो व इंटरनेटवाचून वाचता येतो. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसह सुमारे शंभर गिगाबाइटचा होतो, मराठी त्या मानाने अगदी लहान. बेळगावला भावाच्या घरी दोन रात्री यंत्र चालू ठेवून मी ते सारे उतरविले. यंत्राची जुनी हार्ड डिस्क काढून टाकली नव्हती. धावपळीचे काम एसएसडीकडे आणि कोठाराचे काम जुन्या डिस्ककडे, अशी वाटणी करून दिली. तिला आता घाई कसलीच नाही.

ते यंत्र दिवसरात्र चालू ठेवावे असे काहींनी सुचविले. मी हिशेब मांडला. असा संगणक ऐंशी वॅट वीज घेतो असे धरले तरी महिन्याला सत्तावन्न युनिटांहून अधिक होतात. लहानशा घराचा पंखा-दिव्यांचा खर्च त्यात निघेल. तेव्हा तो शाळेबरोबर सुरू होतो आणि शाळेबरोबर झोपतो.

आठवीत एक मुलगी आहे. वर्गात ती बोलत नाही. घरातला एकच मोबाइल वडिलांबरोबर कामावर जातो. ती शाळा सुटल्यावर अर्धा तास या यंत्रापुढे बसू लागली. एके दिवशी तिने मलप्रभा नदीविषयी शोधले. मलप्रभेचा उगम आमच्याच तालुक्यात, कणकुंबीला. मराठीतला मजकूर वाचून झाल्यावर ती म्हणाली, "बाई, आपल्या नदीवर एवढंच?" मी म्हटले, मग तू लिही. दुसऱ्या यंत्रावर देवनागरी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक बसविलेला होता, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या. तिने तीन आठवड्यांत दीड पान लिहिले. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. पण उन्हाळ्यात पात्रात कोठे कोठे डोह राहतात, बायका कोणत्या डोहावर धुणे नेतात, हे तिच्याखेरीज कोण लिहिणार होते?

येथे एक गोष्ट ओघाने आठवते. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत असूनही १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत. आज एका भंगारातल्या यंत्रावर आठवीची मुलगी आपली अक्षरे आपल्या लिपीत उमटविते, हे मला फार मोठे वाटते.

सहाव्या यंत्राविषयी थोडक्यात सांगते. ते बत्तीस बिटांचे. डेबियनसारख्या प्रमुख प्रणालीनेही २०२५ च्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर नव्याने बसविण्याची सोय बंद केली. त्याला आम्ही प्रयोगशाळेच्या टेबलावर उघडे करून ठेविले आहे. मुले त्याचे भाग सुटे करतात व पुन्हा जोडतात. वीजपुरवठ्याच्या पेटीला मात्र हात लावू देत नाही, कारण तिच्यातील कपॅसिटर तार काढल्यानंतरही भार धरून ठेवतात. मेलेल्या यंत्रांपैकी एकाच्या डिस्कमधून दोन जबर चुंबक निघाले. ॲल्युमिनियमच्या तिरक्या जाड पत्र्यावरून असा चुंबक सोडला की तो चिकटत नाही, आणि घसरतही नाही. कोणी अदृश्य हाताने धरल्यासारखा रेंगाळत उतरतो. दहावीला लेन्झचा नियम शिकविताना पूर्वी मी फळ्यावर बाण काढीत असे.

उरलेल्या डिस्कवरून मात्र मला धडा मिळाला. ती विकण्यापूर्वी फाइली पुसल्या आहेत, असे मी दुरुस्तीच्या दुकानातील मुलाला अभिमानाने सांगितले. त्याने ती दुसऱ्या संगणकाला जोडली आणि अर्ध्या तासात विद्यार्थ्यांचे दाखले, पालकांचे दूरध्वनी क्रमांक, जातीची प्रमाणपत्रे भराभर पडद्यावर आणून दाखविली. फाइल पुसली म्हणजे अनुक्रमणिकेतले नाव खोडले जाते, पान तसेच राहते. साऱ्या तबकडीवर नव्याने शून्ये लिहिल्यावाचून ते जात नाही. आम्ही शून्ये लिहिली. पण मला घरचा संगणक आठवला. २०१७ साली तो मी असाच वजनावर दिला होता. त्यात माझ्या आईच्या आवाजातील नाताळची गाणी होती, ती गेल्यावर दुसरीकडे कोठे उरली नाहीत. सीडीवर उतरविली आहेत या समजुतीत मी होते, आणि सीडी वाचताच येईना. परक्या माणसाला माझे कागद मिळू शकले असते, आणि मला आईचा आवाज मिळू शकत नाही.

भंगारात गेलेल्या यंत्राचे पुढे काय होते तेही आपल्या कानांवर असावे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात सहा कोटी वीस लक्ष टन विद्युत-कचरा निर्माण झाला, आणि त्यांतील शेकडा २२.३ इतकाच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. तरीही तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात, आणि जुन्या काचेच्या पडद्यांतील शिसे मातीत उतरते. आमची दोन मृत यंत्रे म्हणूनच वजनाच्या काट्यावर न देता परवाना असलेल्या संकलकाकडे धाडली. पैसे कमी मिळाले, त्यावरून बैठकीत थोडी बोलाबोलीही झाली.

राहिले ते दोन गिगाबाइटचे तिसरे यंत्र. चित्रफीत त्याला झेपत नाही, एकाच वेळी दोन कामे सांगितली तर ते रुसते. पण आवाज साठविण्यास अशी काय मोठी शक्ती लागते? एक साधा मायक्रोफोन आणि ऑडॅसिटी ही विनामूल्य सोय एवढ्यावर भागते. शनिवारी मुले आपापल्या आज्यांना घेऊन येतात. जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, कोणाची अंगाई असे जे येईल ते मुले उतरवून घेतात, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवतात. हा नियम माझा आहे, आणि तो मी कोणालाही मोडू देत नाही.

पंख्याची घरघर मात्र पहिल्या दहा-बारा ध्वनिमुद्रणांत उतरली आहे. आता लांब तार आणून यंत्र शेजारच्या वर्गात ठेवितो. त्या जुन्या ओव्या पुन्हा म्हणवून घ्याव्यात असे मी सुचविले, तेव्हा एक आजी हसून म्हणाल्या, "राहू दे ग बाई, जात्याची घरघर असायचीच की तेव्हा."