व्हॉइसरॉयची कमान आणि नार्व्याची वाट



उत्सवाच्या निमित्ताने श्रीमठात येणारी भाविक मंडळी देवदर्शन आटोपून जुने गोवे पाहावयास जातात, तेव्हा मांडवीच्या धक्क्याजवळ एका दगडी कमानीखालून जाणारा रस्ता त्यांना लागतो. तेथे उभे राहून छायाचित्रे काढली जातात. माथ्यावर कोण उभे आहे, याकडे सहसा कोणी पाहत नाही.

1597 साली व्हॉइसरॉय होऊन आलेल्या फ्रान्सिस्को द गामा याने आपला पणजोबा वास्को द गामा याच्या जलप्रवासाच्या शताब्दीप्रीत्यर्थ ही कमान उभारविली. नदीकडील अंगास वास्कोचा पुतळा आहे. नवा व्हॉइसरॉय गलबतातून उतरला की याच द्वारी नगराच्या किल्ल्या त्याच्या स्वाधीन होत. फ्रान्सिस्कोचा कार्यकाल संपला, तेव्हा त्याच्या स्वकीय विरोधकांनीच तो पुतळा खाली पाडून त्याचे तुकडे केले. पुढे तो पुन्हा बसविण्यात आला. पूर्वजांना दगडात उभे करणाऱ्यांचे असेही होते! मध्यंतरी कमानच ढासळली. आज दिसते ती 1954 मधील पुनर्बांधणी होय.

मागील अंगास एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्या पायाखाली एक एतद्देशीय पुरुष आडवा पडलेला आहे. हे ध्यानात आले म्हणजे काही भाविकांना ही कमान डोळ्यांआड व्हावी असे वाटते. तो संताप स्वाभाविक खरा, परंतु उचित नव्हे. तो आडवा पडलेला पुरुष नाहीसा झाला, तर आपल्या दैवतांना नद्या का ओलांडाव्या लागल्या, हे नातवंडांना काय दाखवून सांगावयाचे?

त्याच रस्त्याने नदीकडे उतरले की दिवाडीची फेरीबोट मिळते. कदंब राजांनी ज्याचे नाव आपल्या नाण्यांवर मिरविले, तो श्रीसप्तकोटेश्वर मूळचा या बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमदानीत ते देवालय उद्ध्वस्त झाले. भाविकांनी लिंग नदीपार नेले; डिचोली महालातील नार्वे येथे त्याची पुन्हा स्थापना झाली, आणि 1668 मध्ये शिवछत्रपतींनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला.

कमान पाहून माघारी फिरणाऱ्यांनी म्हणून थोडा अधिक वेळ हाताशी ठेवावा. दिवाडीच्या दुसऱ्या टोकास आणखी एक फेरीबोट आहे. ती नार्व्यास लागते.