रानगाजर आणि हेमलॉक

इंग्लंडमध्ये जून-जुलैत फिरायला गेलात, की रस्त्याकडेला बारीक पांढऱ्या फुलांच्या छत्र्या दिसतात. पानं पाहून गाजर, कोथिंबीर आठवते. आठवणारच, ही सगळी एकाच कुळातली. पण त्याच कुळात हेमलॉकही आहे. इसवी सन पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसला दिलेलं विष याचंच मानलं जातं.

मग दोन्ही ओळखायची कशी? आधी खोड बघा. रानगाजराच्या खोडावर खरखरीत लव असते. हेमलॉकचं खोड गुळगुळीत, त्यावर जांभळे डाग. रानगाजर साधारण कमरेएवढं. हेमलॉक माणसापेक्षाही उंच जातं. रानगाजराच्या छत्रीत मधोमध पुष्कळदा एक गडद जांभळं फूल असतं, पण नेहमी नाही, म्हणून त्यावर विसंबू नका.

ओळख पटली तरी घरी आणून चाखू नका. हेमलॉक मुळापासून बियांपर्यंत विषारी आहे. मुलांना सांगा: बघायचं, तोडायचं नाही, तोंडात तर मुळीच घालायचं नाही. कुणी खाल्ल्याची शंका आली, तर त्रास सुरू होण्याची वाट न बघता ९९९ ला फोन करा.