ताळेबंदातील मालमत्ता व देयता : वर्गीकरणामागील विचार



ताळेबंद म्हणजे एका विशिष्ट दिवशी व्यवसायाची आर्थिक स्थिती दर्शविणारे विवरणपत्र. भारतातील कंपन्यांच्या बाबतीत हा दिवस सर्वसाधारणपणे ३१ मार्च असतो. व्यवसायाजवळ जे आहे ती मालमत्ता, इतरांना जे द्यावयाचे आहे ती देयता आणि या दोहोंमधील फरक म्हणजे मालकांचे भांडवल. त्यामुळे ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंची बेरीज नेहमीच समान येते. मात्र बेरीज जुळली म्हणजे व्यवसाय सुस्थितीत आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी वर्गीकरण पाहावे लागते.

कंपनी कायदा, २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीनुसार या वर्गीकरणाचा मुख्य निकष काळ हा आहे. ताळेबंदाच्या तारखेपासून बारा महिन्यांत किंवा व्यवसायाच्या नेहमीच्या चक्रात जिचे रोखीत रूपांतर अपेक्षित आहे ती चालू मालमत्ता. उर्वरित सर्व बिगर-चालू. देयतेलाही हेच तत्त्व लागू होते. कच्चा माल खरेदी केल्यापासून विक्रीचे पैसे हाती येईपर्यंतचा कालावधी म्हणजे व्यवसायचक्र. बांधकाम व्यवसायात ते एका वर्षाहून अधिक असू शकते. म्हणूनच इमारती बांधून विकणाऱ्याची जमीन हा त्याचा विक्रीयोग्य साठा, म्हणजे चालू मालमत्ता ठरते. कारखाना जिच्यावर उभा आहे ती जमीन मात्र बिगर-चालू असते. वस्तू एकच, पण उपयोगानुसार तिचा वर्ग बदलतो.

साखर कारखान्याचे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. गाळपाची यंत्रसामग्री ही बिगर-चालू मालमत्ता, तर गोदामातील साखर ही चालू मालमत्ता. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार उसाची किंमत चौदा दिवसांत द्यावयाची असल्याने शेतकऱ्यांचे थकलेले पैसे ही चालू देयता होय. यंत्रांसाठी घेतलेले मुदत कर्ज बिगर-चालू असले, तरी त्याचा पुढील बारा महिन्यांत फेडावयाचा हप्ता चालू देयतेत दाखवावा लागतो. परीक्षार्थींकडून नेमका हाच मुद्दा अनेकदा निसटतो. यंत्रे कितीही मौल्यवान असली, तरी ती विकून उसाचे पैसे देता येत नाहीत. म्हणून चालू मालमत्तेची तुलना चालू देयतेशीच करावयाची असते. या गुणोत्तरास चालू गुणोत्तर म्हणतात.

बँका व वित्तीय कंपन्यांच्या ताळेबंदाचे नमुने वेगळे आहेत. तेथे दिलेली कर्जे ही मालमत्ता, तर बँकेतील ठेवी ही देयता. ठेवीदाराच्या दृष्टीने तीच ठेव मालमत्ता असते. काळाचे तत्त्व मात्र येथेही सुटत नाही. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हे २०१८ मध्ये दिसून आले. पायाभूत सुविधांना अर्थसाहाय्य करणाऱ्या इन्फ्रास्ट्रक्चर लीजिंग अँड फायनान्शियल सर्व्हिसेस या समूहावर नव्वद हजार कोटी रुपयांहून अधिक कर्ज होते. रस्ते व वीज प्रकल्पांतून पैसा परत येण्यास अनेक वर्षे लागतात. देणी मात्र त्याआधीच फेडावयाची होती. काही महिने आधीपर्यंत सर्वोच्च पतमानांकन लाभलेल्या या समूहाची देणी सप्टेंबर २०१८ मध्ये थकली. १ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्र सरकारच्या अर्जावरून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने संचालक मंडळ बदलण्यास मान्यता दिली. समूहाच्या रोख्यांत भविष्य निर्वाह निधींचाही पैसा गुंतलेला होता. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बिगर-बँकिंग वित्तीय कंपन्यांसाठी रोखतेच्या जोखमीविषयीचे नियम अधिक कडक केले.

आणखी एक बाब लक्षात ठेवावयास हवी. न्यायालयीन दावे वा इतरांसाठी दिलेली हमी यांसारख्या संभाव्य देयता ताळेबंदाच्या बेरजेत येत नाहीत. त्या टिपणांत नमूद केल्या जातात. म्हणून टिपणांसह वाचल्याखेरीज ताळेबंदाचे वाचन पूर्ण होत नाही. मालमत्ता किती, या प्रश्नाइतकाच ती रोखीत केव्हा येणार आणि देणे केव्हा द्यावयाचे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कामगाराची बचत आणि शेतकऱ्याचे उसाचे पैसे त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.