पावलं मोजणारं मानसशास्त्र



या मानसशास्त्र परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. आता थेट विषयाकडे वळते.

नोकरी, संसार, स्त्री-पुरुष आणि रोजचं वागणं यांवर आपल्या विद्यापीठांत दरवर्षी ढीगभर प्रबंध सादर होतात. मी स्वतः अनेक तपासले आहेत. बहुतेकांची रीत एकच असते. कुठल्यातरी परदेशी मापनश्रेणीचं मराठी रूपांतर करायचं, ते महाविद्यालयातल्या दोनशे-तीनशे मुलामुलींकडून भरून घ्यायचं आणि ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंतच्या खुणांची बेरीज करून निष्कर्ष काढायचा. घरकाम नवरा-बायकोने वाटून घ्यावं का, असं विचारलं की आजचा कोणताही शिकलेला मुलगा ‘सहमत’वर खूण करतो. त्याच्या घरी आज सकाळी चहाचे कप कोणी विसळले, हे मात्र आपण विचारत नाही. माझा आजचा आग्रह एवढाच आहे, की माणसं काय म्हणतात हे ऐकून थांबू नका, ती काय करतात हे पाहा.

म्हणणं आणि वागणं यांतली ही दरी आपल्या शास्त्राला नवी नाही. रिचर्ड लापिएर हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एका चिनी दांपत्याला बरोबर घेऊन मोटारीने देशभर हिंडले. चिनी लोकांबद्दलचा आकस तिथे तेव्हा उघडपणे बोलला जाई. त्यांच्या प्रवासात २५१ हॉटेलं आणि खाणावळी आल्या आणि प्रवेश नाकारला गेला तो फक्त एका ठिकाणी. काही महिन्यांनी लापिएर यांनी याच ठिकाणांना पत्रं पाठवून विचारलं, ‘चिनी पाहुणे आले तर घ्याल का?’ उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी ‘नाही’ म्हटलं. त्यांचा यावरचा निबंध १९३४चा आहे. पत्राला उत्तर मालकाने दिलं असेल आणि दारात स्वागत नोकराने केलं असेल, हा त्यावरचा आक्षेप रास्तच आहे. तरीही केवळ पत्रांवर विसंबून काढलेला निष्कर्ष किती चुकला असता, हे त्यातून दिसतंच.

वागणं पाहायचं म्हणजे काय करायचं, याचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा वस्तुपाठ ऑस्ट्रियातल्या मारीएनथाल या खेड्यात घडला. त्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण आपल्या अभ्यासक्रमात त्याला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही.

मारीएनथाल हे व्हिएन्नाजवळचं गिरणीचं गाव. जागतिक मंदीत तिथली कापड गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे तरुण संशोधक आपल्या सहकाऱ्यांसह तिथे गेले. गावात नुसतं वही घेऊन फिरायचं नाही, प्रत्येकाने गावाच्या काहीतरी उपयोगी पडायचं, असा त्यांचा दंडक होता. त्यांनी व्हिएन्नातून कपडे गोळा करून आणले, डॉक्टरांची तपासणी ठेवली, बायकांसाठी शिवणकामाचा वर्ग काढला. आणि हे करता करता ते बारीकसारीक गोष्टी टिपत राहिले. वाचनालयातून किती पुस्तकं जातात? वर्गणी माफ होऊनही आकडा दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आला होता. वेळ हाताशी भरपूर होता, पण वाचायची उमेद उरली नव्हती. शाळेतली मुलं नाताळला काय मागतात, तेही निबंध लिहून घेऊन पाहिलं. मागण्या आधीच आखूड झालेल्या होत्या.

मला सर्वांत मोलाची वाटते ती रस्त्यावरची नोंद. आडोशाला उभं राहून, हातात घड्याळ धरून, मुख्य रस्त्याने जाणारी माणसं किती वेगाने चालतात आणि वाटेत किती वेळा थांबतात, हे त्यांनी मोजलं. पुरुष सावकाश चालत होते आणि पुन्हा पुन्हा थांबत होते. बायका त्यांच्यापेक्षा भराभर चालत होत्या आणि क्वचितच थांबत होत्या. गाव एक, बेकारी एक, रस्ताही एकच. पुरुषाचं काम गेलं होतं. बाईचं मजुरीचं काम गेलं होतं, पण चूल, धुणं, मुलं आणि तुटपुंज्या भत्त्यात आठवडा भागवण्याची विवंचना जशीच्या तशी होती. दिवसभराची नोंद करायला दिली, तेव्हा कित्येक पुरुषांना उठणं, जेवणं आणि झोपणं यांच्यामधल्या तासांत काय केलं, हे सांगता आलं नाही. बायकांच्या रकान्यांत जागा पुरत नव्हती. पूर्वी गिरणीतून आल्यावर रात्री उशिरापर्यंत घरकाम उपसणाऱ्या याच बायका, गिरणी पुन्हा सुरू झाली तर आम्ही उद्या कामावर जाऊ, असं सांगत होत्या. आणि ते केवळ पैशासाठी नव्हतं.

या अभ्यासाचं पुस्तक १९३३मध्ये निघालं, ते लेखकांच्या नावांशिवाय. लेखक ज्यू होते आणि जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. याहोडाबाईंना पुढे ऑस्ट्रियातच तुरुंगवास झाला आणि मग देश सोडावा लागला. इंग्लंडमध्ये स्थिरावल्यावर काम आणि बेकारी यांवर त्यांनी जे पुस्तक लिहिलं, ते १९८२चं. काम माणसाला पगाराशिवायही काही देतं, असं त्यांचं सांगणं होतं: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, सामायिक हेतू, समाजात ओळख आणि हातपाय हलते राहण्याची सक्ती. त्याच १९८२च्या १८ जानेवारीला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. लालबाग-परळमध्ये यानंतर काय घडलं, हे इथल्या कित्येकांनी घरात अनुभवलं असेल. नाक्यावर उभे राहिलेले बाप आणि पोळ्या लाटून, शिवणकाम करून, भाजी विकून घर ओढणाऱ्या आया. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावाचा मौखिक इतिहास कष्टाने जमवला. मराठी मानसशास्त्राने त्या गल्ल्यांत घड्याळ घेऊन उभं राहायला हवं होतं, ही माझी जुनी खंत आहे.

आता घरात येऊ. १९७९मध्ये मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी कॅनडातल्या काही जोडप्यांना वेगवेगळं बसवून विचारलं, की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभराच्या वर जात होती. ही लबाडी नव्हती. आपण घासलेलं भांडं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने घासलेलं आपण पाहिलेलंच नसतं. गंमत अशी, की भांडण कोण काढतं यासारख्या नकारात्मक गोष्टींतही माणसं आपला वाटा जास्तच सांगत होती. म्हणजे प्रश्न प्रतिष्ठेपेक्षा स्मरणाचा अधिक आहे. म्हणूनच ‘तुम्ही घरात किती मदत करता?’ या प्रश्नाचं उत्तर पुराव्यादाखल धरता येत नाही.

आपल्या देशात याहून भक्कम साधन हाती आलं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. आदल्या दिवशी पहाटे ४ पासून पुढचे चोवीस तास, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. विनामोबदला घरकामावर बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेली, पुरुषांची ९७. हे आकडे वर्तमानपत्रांत आले, पण त्यांतली खोच निसटली. ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्यांची आहे. बायकांत असं काम करणाऱ्या होत्या ८१.२ टक्के, पुरुषांत २६.१ टक्के. चारांतल्या जवळजवळ तीन पुरुषांनी त्या दिवशी घरात काडीही इकडची तिकडे केली नव्हती. २०२४मध्ये पुन्हा पाहणी झाली. तेव्हा आकडे होते २८९ आणि ८८. बायकांची दहा मिनिटं कमी झाली, पण ती पुरुषांच्या खात्यात गेली नाहीत. त्यांचीही नऊ कमी झाली.

हे रकाने प्रत्यक्ष भरताना काय होतं, ते सांगते. मराठवाड्यातल्या एका गावात आमच्या विद्यार्थिनी अशाच नोंदी घेत होत्या. ओसरीवर बसलेल्या एका बाईंना विचारलं, ‘ताई, दिवसभर काय करता?’ उत्तर आलं, ‘काही नाही, घरीच असते.’ मग पहाटे चारपासून सुरुवात केली. सडा, चूल, शेळीचं दूध, भाकरी. भाकरी थापता थापता मुलाचे पाढे. सासूबाईंची गोळी. नळाला एक दिवसाआड पाणी, म्हणून हंडे भरणं. फडक्यात भाकरी बांधून खुरपणीला. येताना सरपण. शेजारी बसलेले यजमान म्हणाले, ‘लिहा की, पाण्याचे जार मोटारसायकलवर मी आणतो.’ आणि ते खरंच होतं, तेही लिहिलं. भाकरी आणि पाढे एकाच रकान्यात आले, तेव्हा विद्यार्थिनीने पेन्सिल थांबवून विचारलं, ‘मॅडम, यातलं कोणतं धरायचं?’ सरकारी पाहणीतही एकाच वेळच्या कामांचा हा पेच होता, शिवाय दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ घेणारं काम तिथे नोंदलं जात नव्हतं. दूध उतू जाऊ नये म्हणून उभं राहणं, मोटार चालू करून येणं, गोळी देणं, ही सगळी दहा मिनिटांच्या आतली कामं. बाईचा दिवस अशाच तुकड्यांचा बनलेला असतो.

आणखी एक काम कुठल्याच रकान्यात बसत नाही, ते म्हणजे लक्षात ठेवणं. अॅलिसन डॅमिंजर या अमेरिकन संशोधिकेने २०१९मध्ये पस्तीस जोडप्यांच्या मुलाखतींतून दाखवलं, की घरातला निर्णय बहुधा दोघं मिळून घेतात, पण गरज आधी ओळखणं आणि काम झालं की नाही यावर नजर ठेवणं बाईकडेच राहतं. सिलिंडर कधी संपेल, स्नेहसंमेलनाचा पोशाख कुठून आणायचा, नणंदेच्या मुलाला काय द्यायचं, हे डोक्यात घेऊन ती कचेरीत बसलेली असते. ‘तू सांग ना, मी करतो’ म्हणणाऱ्या नवऱ्याचा हेतू चांगला असतो. पण सांगणं हेही कामच आहे.

मग हे बदलत का नाही? ‘लोक काय म्हणतील’ हे उत्तर आपण सगळेच देतो आणि थांबतो. पण लोक खरोखर काय म्हणतात, हे तपासता येतं. लिओनार्डो बर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी सौदी अरेबियातल्या रियाधमध्ये तरुण विवाहित पुरुषांना गुप्तपणे विचारलं, की बायकांनी घराबाहेर काम करावं का? मोठ्या बहुसंख्येने ‘हो’ म्हटलं. मग विचारलं, इथल्या बाकीच्यांना काय वाटत असेल? अंदाज बराच कमी आला. प्रत्येकाला वाटत होतं, मीच काय तो उदार. निम्म्यांना खरा आकडा सांगितला. ज्यांना सांगितला नव्हता, त्यांच्यातल्या २३ टक्क्यांनी बायकोचं नाव नोकरी मिळवून देणाऱ्या सेवेत नोंदवलं, ज्यांना सांगितला त्यांच्यात ३२ टक्क्यांनी. एक आकडा कळल्याने माणसं वेगळी वागली. आपल्या सोसायट्यांत, भावकीत, बचत गटांतल्या बायकांच्या नवऱ्यांमध्ये हा प्रयोग करायला फार पैसा लागत नाही.

उलट दिशेनेही बदल होतो, आधी वागणं आणि मग मत. मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी थेट बाईच्या स्वतःच्या बँक खात्यात जाऊ लागली आणि ते खातं वापरायला तिला शिकवलं, तेव्हा बायका जास्त काम करू लागल्या आणि बाईने काय करावं याबद्दलच्या घरादाराच्या कल्पनाही सैलावल्या. पश्चिम बंगालच्या बीरभूममध्ये संशोधकांनी गावकऱ्यांना एकच भाषण ऐकवलं, काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. जिथे आरक्षणामुळे बाई प्रधान, म्हणजे सरपंच, कधीच झाली नव्हती, तिथे बाईच्या आवाजातलं भाषण लोकांना कमी पसंत पडलं. जिथे बाईचा कारभार पाहिलेला होता, तिथे हा फरक उरला नव्हता. तरीही ‘पुढारी कोण हवा?’ असं विचारलं की तिथलेही लोक पुरुषच म्हणत होते. केवळ प्रश्नावली नेली असती, तर हा बदल दिसलाच नसता. आपल्याकडे तर पंचायतींत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. सरपंचबाईंचे नवरे कारभार करतात, अशी तक्रार आपण ऐकतो. कोणत्या गावात ते थांबलं आणि कशामुळे, हे शोधायला आपल्या किती विभागांतून मुलं गेली?

आपल्या शास्त्राची घडी सध्या विस्कटलेली आहे, हेही तरुणांना मोकळेपणाने सांगायला हवं. २०१५मध्ये शंभर मानसशास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत मूळ निष्कर्ष पुन्हा टिकला. त्याआधी २०१०मध्ये जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी लक्षात आणून दिलं होतं, की आपलं बहुतेक ज्ञान जगाच्या १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतून आलेलं आहे. याने निराश होण्याचं कारण नाही, कारण आपल्याकडच्या नोंदींनीही या शास्त्राला दिशा दिलेली आहे. लिऑन फेस्टिंगर यांच्या १९५७च्या मानसिक विसंगतीच्या सिद्धांताला चालना मिळाली, ती १९३४च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी गोळा केलेल्या अफवांमधून. जमुना प्रसादांनी आपल्याच लोकांचं बोलणं आपल्याच मुलखात टिपलं होतं.

म्हणून या परिषदेच्या कार्यकारिणीपुढे मी एक ठोस मागणी ठेवते. पुढच्या वर्षापासून प्रत्येक विभागाने आपल्या तालुक्यातल्या पन्नास घरांची चोवीस तासांची नोंद करावी, नवरा आणि बायको दोघांची, वेगवेगळी बसवून, दहा मिनिटांच्या आतली कामंही धरून आणि एकाच वेळी होणारी कामं वेगळी लिहून. रकाने सगळ्यांचे सारखे असावेत, म्हणजे सावंतवाडीचा आणि गडचिरोलीचा आकडा शेजारी शेजारी मांडता येईल. मूळ नोंदी, नावं काढून, सर्वांना खुल्या असाव्यात. ज्या घरांनी वेळ दिला त्यांच्या काही उपयोगी पडल्याशिवाय आपण परत यायचं नाही, आणि निष्कर्ष कुठल्याही नियतकालिकाकडे पाठवण्याआधी ते त्याच गावात, त्याच ओसरीवर, त्या बायकांना आणि त्यांच्या घरच्या पुरुषांना वाचून दाखवायचे. तिथे ते काय दुरुस्त करायला सांगतात, तेही अहवालात यायला हवं.

पहिल्या दहा तालुक्यांची नावं आजच संध्याकाळी, सर्वसाधारण सभेत ठरवू या.